काठीचें वय

माझ्या पुतण्यानें नुकतेंच घर बांधलें, आणि घर बांधणाऱ्या बहुतेक तरुण गृहस्थांप्रमाणें आपल्या बैठकीच्या खोलींत एखादी पिढीजात वस्तु असावी असें त्याला वाटूं लागलें. आमच्या घराण्यांत तलवार नव्हती, सनद नव्हती, ताम्रपट तर नव्हताच. होती ती एक काठी. माझ्या आजोबांना त्यांच्या गोऱ्या साहेबानें दिलेली, मासे धरण्याची, वेळूची काठी. पुतण्यानें ती माळ्यावरून काढली, तिच्यासाठीं कांचेची लांब पेटी करविली, आणि पेटीखालच्या पितळी पट्टीवर कोरण्यासाठीं एका ओळीचा मजकूर माझ्याकडे मागितला. "काका, तुम्ही प्राध्यापक, नेमकें लिहून द्या. सालहि घाला," असें तो म्हणाला.

साल मला लहानपणापासून ठाऊक होतें. आजोबा नीरेच्या खोऱ्यांत भाटघरच्या धरणावर ओव्हरसियर होते. त्यांच्या साहेबाला महसीर धरण्याचा नाद. हा मासा आपल्या मुलुखांतला जुना रहिवासी. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळामुठेंतील महसिराचें शास्त्रीय नांव ठेवतांना त्याचें येथलें नांवच उचलून 'खुद्री' असें केलें. साहेब नदीवर जातांना आजोबांनाहि बरोबर नेई, आणि हळूहळू शिष्य गुरूच्या बरोबरीनें काठी फेंकूं लागला. १९३८ सालीं साहेब कायमचा स्वदेशीं जावयास निघाला तेव्हां त्यानें आपली काठी आजोबांच्या हातीं दिली. आमच्या घरांत मासा कधीं शिजला नाहीं. आजोबा धरलेला प्रत्येक मासा पुन्हां पाण्यांत सोडीत, आणि तरीहि आजी त्यांना स्नान केल्याशिवाय उंबरठा ओलांडूं देत नसे. ही हकीकत आम्हीं इतक्या वेळां ऐकली होती कीं तिच्यांत कोठें हंसावयाचें हेंहि ठरून गेलें होतें. माझ्या जन्मापूर्वीं पांच वर्षें आजोबा वारले. मला ते भेटले ते ह्या काठींतूनच.

एक ओळ लिहावयाची असली तरी तिचा आधार पाहून घ्यावा, ही आम्हां मास्तरांची खोड. साहेबाची काठी १९३८ च्या आधींची असणार हें उघड होतें. ती किती आधींची, एवढेंच शोधून काढावें म्हणून मीं चार जाणत्या लेखकांचीं पुस्तकें मागविलीं आणि एका रविवारीं काठी टेबलावर मांडून बसलों.

प्रथम मला काठीच समजून घ्यावी लागली. साध्या गळाला वजन असतें तें आमिषाचें. दोरी त्या वजनामागून जाते. येथें आमिष म्हणजे आंकड्यावर पिसें व रेशीम बांधून केलेली खोटी माशी. तिला वजन असें नसतेंच. वजन असतें तें दोरींत. ती दोरी मागें फेंकावयाची, क्षणभर थांबावयाचें, आणि मग पुढें झोंकून द्यावयाची, म्हणजे माशी पाण्यावर अलगद उतरते. त्या क्षणभरांत काठी वांकते आणि पुढें जातांना सरळ होते. तिचें सारें आयुष्य ह्या वांकण्यांत आणि सरळ होण्यांत जातें. आयझॅक वॉल्टनचा 'कंप्लीट अँगलर' १६५३ सालीं निघाला. त्याच्याविषयीं मीं वर्गांत अनेक वर्षें बोलत आलों, परंतु त्याच्या हातांतली काठी कसली होती हा प्रश्न मला कधीं सुचला नाहीं. ती लांकडाची होती. पुढेंहि दोन शतकें ह्या काठ्या लांकडाच्याच होत. हिकरी, लान्सवुड, आणि गियानाच्या अरण्यांतून येणारें जड, हिरवट ग्रीनहार्ट.

वेळूची खुबी मागाहून कळली. आपल्या बुरुडाला विचारा. तो सांगेल कीं वेळूचें बळ त्याच्या पाठींत असतें, पोटांत नसतें. अमेरिकेंत पेन्सिल्व्हानियांतील ईस्टन गांवीं सॅम्युएल फिलिप नांवाचा एक बंदुका करणारा कारागीर होता. तो सारंगीसारखें तें व्हायोलिन वाद्यहि करी. १८४० नंतरच्या दशकांत त्यानें वेळू चिरून त्याच्या कामट्या एकमेकींस चिकटविल्या आणि काठीचा शेंडा केला. पुढें मेन राज्यांतील बँगर येथें हायरम लिओनार्ड यानें सहा कामट्यांची संबंध काठी करण्याचा मोठा कारखाना उभारला, व कामट्या तासण्यासाठीं यंत्र बसविलें. प्रत्येक कामटी तीन धारांची. तिची पाठ बाहेर, पोट आंत. सहा जणी पाठीला पाठ न लावतां पोटाला पोट लावून उभ्या राहिल्या कीं षट्कोणी काठी तयार होते, आणि तिच्यांत बाहेरून कोठूनहि हात लावला तरी लागतें तें वेळूचें बळच. इंग्लंडांत ॲनिक गांवच्या हार्डी बंधूंनीं १८७२ सालीं दुकान घातलें आणि थोड्याच वर्षांत ह्या काठ्यांना साम्राज्यभर गिऱ्हाईक मिळवून दिलें.

आमच्या काठीवर करणाऱ्याचें नांव होतें, पण तें झिजून गेलें होतें. मुठीच्या वर 'इन इंग्लंड' एवढींच अक्षरें भिंग लावून दिसत. १८९० सालच्या अमेरिकन जकात कायद्यानें आयात मालावर देशाचें नांव घालण्याची सक्ती केली, तेव्हांपासून असले शिक्के सर्रास झाले. म्हणजे काठी बहुधा त्यानंतरची. इतकें ढोबळ उत्तर घेऊन भागण्यासारखें नव्हतें. मग मी वेळूकडे वळलों, आणि येथें मला आपल्या देशाची एक जुनी ओळख भेटली.

पहिल्या पिढीच्या काठ्या जिच्या करीत त्या वेळूला व्यापारांत 'कलकत्ता' म्हणत. ती कलकत्त्यास उगवत नसे. त्या बंदरांतून जहाजावर चढे, एवढेंच. वनस्पतिशास्त्रज्ञ जिला तो वेळू समजतात ती जात आपल्या डोंगरांतहि आहे. आपण तिला मानवेल म्हणतों. तिचीच भरीव काठी पोलिसाच्या हातीं लाठी म्हणून असे. एकाच बेटांतील एक वेळू साहेबाच्या विरंगुळ्यासाठीं समुद्रापार जावा आणि दुसरा येथेंच लोकांच्या पाठीवर बसावा, हें त्या काळाला धरूनच होतें. कलकत्त्याच्या वेळूवर भाजल्याचे काळे डाग असत, व ते काठीवरहि उतरत. त्यामुळें जुनी काठी दुरूनहि ओळखूं येते. विसावें शतक लागल्यावर हा वेळू मागें पडला आणि त्याची जागा 'टोंकिन' वेळूनें घेतली. हेंहि नांव फसवेंच. टोंकिन हा व्हिएतनामचा उत्तर भाग. हा वेळू मात्र चीनमध्यें, क्वांगतुंग प्रांतांत, सुई नदीच्या आसपासच्या टेंकड्यांवर होतो. १९३१ सालीं मॅक्लूर या शास्त्रज्ञानें त्याला 'अमाबिलिस', म्हणजे 'प्रेमास पात्र', असें शास्त्रीय नांव दिलें. त्याचीं कांडीं लांब, गांठी बेताच्या, आणि बळकट धागे पाठीलगत दाट.

आमची काठी स्वच्छ, डागावांचून, लांब कांड्यांची. म्हणजे टोंकिन, म्हणजे विसाव्या शतकांतील. साहेबाच्या हकीकतीशीं हें जमत होतें. कड्याहि जमत होत्या: जुन्या काठ्यांना सैल, लोंबत्या कड्या असत, हिच्या उभ्या व स्थिर होत्या. खटकत होत्या त्या दोन गोष्टी. पहिली, दोऱ्याचे वेढे. पूर्वींच्या काठ्यांवर दर एक-दोन बोटांवर रेशमाचे बारीक वेढे असत. सरसाचा भरंवसा नसे, ओल लागली कीं कामट्या सुटूं पाहत, म्हणून हा बंदोबस्त. आमच्या काठीवर कड्यांपुरतेच वेढे होते. दुसरी, लांबी. साहेबाच्या पिढीला लांब, तीन तुकड्यांच्या काठ्या प्रिय. आमची जेमतेम नऊ फूट आणि दोनच तुकड्यांची. परंतु लहान काठ्याहि तेव्हां होत होत्या, आणि वेढे तर कोणीहि काढून नवे घालतो. प्रतिकूल पुराव्याला वाट काढून देण्यांत माणूस किती तरबेज असतो, हें मला त्या रविवारीं कळलें.

ह्या विद्येचा मुख्य नियम साधा आहे. वस्तूचा जो भाग सर्वांत नवा, आणि जो मागाहून बदलतां येणें शक्य नाहीं, तो तिचें वय ठरवितो. मूठ बदलते, कड्या बदलतात, वार्निश तर दर पिढीला बदलतें. न बदलणारें तें काय, हें मला पुस्तकांनीं सांगितलें नाहीं. तें मिरजेस कळलें.

काठीचा शेंडा एके ठिकाणीं उकलला होता. पेटींत ठेवण्यापूर्वीं तो सांधून घ्यावा म्हणून मी ती मिरजेच्या एका ओळखीच्या कारागिराकडे नेली. सतारी-तंबोरे करणें हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. त्यांनीं काठी हातांत घेतली, कामट्यांची सांध नखानें चांचपली, "जिनें हा हात घडविला त्या विद्येला नमस्कार" अशा अर्थाचें कांहींतरी पुटपुटले, आणि उकललेल्या जागीं ऊन पाण्याचा बोळा धरला. सरस असता तर थोड्या वेळानें तो चिकट व्हावयास हवा होता. कांहीं झालें नाहीं. त्यांनीं शेंड्याच्या तुटक्या टोंकाचा केंसाएवढा पापुद्रा काढला. वेळू आंतून फिकट असतो. हा थेट पोटापर्यंत सारखा तपकिरी होता, आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो शोषला न जातां तसाच राहिला.

"सर, हें सरसाचें काम नव्हे," ते म्हणाले. "आंतपर्यंत राळ मुरविली आहे. हें वरून कोणाला घालतां यायचं नाहीं. काठी जन्मली तेव्हांच हें झालं."

घरीं येऊन मीं पुस्तकें पुन्हां उघडलीं. वेळूच्या कामट्यांत बेकेलाइटच्या जातीची कृत्रिम राळ मुरवून, वार्निशाची व वेढ्यांची गरजच नाहींशी करण्याची युक्ति अमेरिकेंतील व्हर्मांटच्या ऑर्व्हिस कारखान्यानें दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, बाजारांत आणली. तिचें पेटंट १९५० सालीं मिळालें. ब्रिटनमध्यें ॲबरडीनच्या शार्प यांच्या कारखान्यांतहि युद्धोत्तर काळीं अशा काठ्या होऊं लागल्या. आमची काठी कोणाचीहि असो, १९३८ सालीं ती कोणाच्याहि हातांत असणें शक्य नव्हतें.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अशा वेळीं एक प्रकरण आठवल्यावांचून राहत नाहीं. टॉमस वाइज हा लंडनचा मोठा ग्रंथसंग्राहक. एलिझाबेथ ब्राउनिंगच्या सुनीतांची १८४७ सालची म्हणून एक दुर्मिळ आवृत्ति त्यानें प्रकाशांत आणली होती. १९३४ सालीं कार्टर आणि पोलर्ड या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनीं तिचा कागद तपासला. त्यांत रासायनिक रीतीनें केलेला लांकडाचा लगदा निघाला. तसला कागद इंग्लंडांत १८७४ पूर्वीं होतच नव्हता. मुखपृष्ठावर हवें तें साल छापतां येतें, कागदाला तें मान्य व्हावें लागतें. हें उदाहरण मीं किती वर्गांना किती आनंदानें सांगितलें असेल! आतां तोच न्याय आमच्या माळ्यावरील काठीला लागू झाला, आणि त्यांत मला यत्किंचितहि आनंद झाला नाहीं.

कारण वाइज लबाड होता. मग आजोबा काय? साहेबाची भेट म्हणून त्यांनीं एखादी बाजारांतली काठी घरांत मिरविली असेल काय? जो माणूस धरलेला मासा सोडून देतो तो खोटें साल धरून ठेवील, हें मनाला पटेना. पण पटत नाहीं हा पुरावा नव्हे, असें विद्यार्थ्यांना सांगणारा मीच. गप्प बसणें सोपें होतें. पितळेवर १९३८ कोरलें असतें तर पुतण्याच्या घरीं चहाला येणाऱ्या कोणीहि राळेची चौकशी केली नसती. दोन दिवस मीं हा विचारहि केला, हें कबूल करावयास हवें.

तिसऱ्या दिवशीं माझें लक्ष काठीच्या पिशवीकडे गेलें. जाड खाकी कापडाची, आंत तीन कप्पे असलेली जुनी पिशवी. ती मूळची पावणेचार फुटांची होती. साडेचार फुटांचे तुकडे तिच्यांत मावते ना, म्हणून तोंडाशीं फिक्या निळ्या लुगड्याचा हातभर पट्टा शिवून ती वाढविली होती. टांके बारीक, सारखे, हातचे. पावणेचार फुटांचे तीन कप्पे म्हणजे अकरा फुटांची, तीन तुकड्यांची काठी. पिशवी एकीची होती आणि काठी दुसरी. इतके दिवस ती माझ्या टेबलावर पडलेली होती, आणि तिला मीं नुसतें वेष्टण समजलों होतों.

वाईस माझी आत्या राहते. ती आतां नव्वदीला टेंकली आहे. मीं पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. तिनें निळ्या पट्ट्यावरून बोट फिरविलें.

"हें मीच लावलं," ती म्हणाली. "आईचं लुगडं होतं."

"आणि आधींची काठी?"

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुला कुणीं सांगितलं?"

"कोणीं नाहीं. काठीनेंच."

"दादा इंटरला होता. बावन्न साल. फी भरायची मुदत उद्यांवर आली, आणि घरांत कांहीं नव्हतं. अण्णा सकाळीं काठी घेऊन पुण्याला गेले, संध्याकाळीं रिकामी पिशवी घेऊन आले. पिशवीचे पैसे तो दुकानदार वेगळे देत नव्हता, म्हणून परत आणली म्हणाले. त्यावर कोणी बोललं नाहीं. नुसते कधीं कधीं मागच्या दारीं उभे असले म्हणजे त्यांचा उजवा हात असा मागेंपुढें व्हायचा." आत्यानें हात करून दाखविला, मागें, क्षणभर थांबून, पुढें.

"मग ही?"

"दादा नोकरीला लागला. अठ्ठावन्नच्या दिवाळींत मुंबईहून येतांना ही घेऊन आला. जुन्या बाजारांत मिळाली म्हणाला. अण्णांना म्हणाला, तुमचीच काठी शोधून आणली. त्याला काठीतलं काय कळत होतं! त्याला खरंच वाटलं असेल, कीं मुद्दाम म्हणाला असेल, तें मला आजवर समजलं नाहीं. अण्णांनीं दोन्ही तुकडे जोडले, अंगणांत गेले, एकदां हलवून पाहिली. आणि म्हणाले, 'हीच ती.' मग मला म्हणाले, 'पिशवी आंखूड झाली आहे, जरा वाढवून दे.'"

आत्या हंसली आणि तिनें डोळे पुसले. "पिशवी कशी आंखूड होईल रे? पण मीं वाढवून दिली."

वाईहून परततांना मी त्या अंगणाचाच विचार करीत होतों. ज्या गोष्टीला मला चार पुस्तकें, एक भिंग आणि मिरजेचा कारागीर लागला, ती त्या माणसाला मनगटाच्या एका हिसक्यांत कळली असली पाहिजे. चौदा वर्षें जी काठी हातांत खेळविली तिचें वजन, तिची लांबी, तिचें वांकणें तो विसरणें शक्य नव्हतें. तीन तुकडे आणि दोन तुकडे हें तर लहान मुलालाहि दिसतें. सर्व पुरावा समोर असतांना, तो पूर्णपणें समजून, आजोबांनीं चुकीचा निर्णय दिला. आणि तो दिला तेव्हां समोर मुलगा उभा होता. माझे वडील पुढें पदवीधर झाले, त्यांच्या मागें मी झालों, आणि ज्या विद्येच्या जोरावर मीं आजोबांचें साल खोटें ठरविलें तिची पहिली फी साहेबाच्या काठीनें भरलेली होती. वडिलांनीं हें मला कधीं सांगितलें नाहीं. ते साहेबाची हकीकत सांगत, नेहमींच्या जागीं हंसत, आणि काठी कोणाला हाताळूं देत नसत.

काठीचें वय काढण्याची विद्या खोटी ठरली असें मी म्हणणार नाहीं. ती खरी होती म्हणूनच मी आत्यापर्यंत पोंचलों. १९३८ वर विश्वास ठेवून बसलों असतों तर घरांत एका साहेबाचा उदारपणा तेवढा राहिला असता, आणि आमच्या दोन माणसांचा त्याहून मोठा उदारपणा आत्याबरोबर नाहींसा झाला असता. मात्र वस्तु आपलें वय सांगते, ती आपल्याकडे कां आली हें सांगत नाहीं. तें विचारावयाचें असेल तर माणूस हयात असतांना विचारावें लागतें. मीं तें थोडक्यांत गांठलें.

पुतण्याला मीं ओळ लिहून दिली. ती अशी होती: 'पणजोबांची काठी. १९५८.'

त्यानें ती दोनदां वाचली. "काका, अडतीस ना? आणि साहेबाचें नांव?"

"साहेबाचा हिला कधीं हात लागला नाहीं," मीं म्हटलें, आणि त्याला खालीं बसवून सर्व सांगितलें. ऐकून तो उठला, आंत गेला, आणि पिशवीहि पेटींत ठेवण्यासाठीं पेटी किती वाढवावी लागेल तें मोजूं लागला.